गांधीलमाश्यांचे पोळे आणि आपला सव्वा वसा



पर्युषण संपून आसो महिन्याची ओळी जवळ आली, की आपल्या डहाणू-तलासरीच्या वाड्यांमधून एक प्रश्न हमखास येतो. परसातल्या झाडावर गांधीलमाश्यांचे पोळे लागलेले असते. पावसात पानांच्या आड कोणाच्या लक्षात आलेले नसते, आणि आता बघावे तर मडक्याएवढे झालेले. ह्या प्रश्नाचे उत्तरही बहुतेक घरांत ठरलेले आहे. "आपण नाही मारायचं. गड्याला सांगा, तो बघेल काय ते."

ऐकायला हे उत्तर जीवदयेचे वाटते. माझे मत असे आहे, की त्यात जीवाची दया नाही आणि माणसाचीही नाही. पोळे ठेवावे की काढावे, ह्यावर घराघरात वेगळे निर्णय होऊ शकतात आणि जागा बघून दोन्ही बरोबर ठरू शकतात. पण काढायचे आपण ठरवायचे आणि नाव मात्र गड्याचे लावायचे, हे आपल्या धर्माच्या हिशेबात कुठेच बसत नाही. का, ते सांगते.

आधी हा जीव कोणता ते नीट पाहू, कारण भीतीपोटी आपण सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. भिंतीच्या कोपऱ्यात मातीची बारीक मडकी करते ती कुंभारीण. ती एकटी राहते आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. वळचणीला उघड्या षटकोनी खणांची लहानशी फणी लटकते, ती बारीक अंगाच्या गांधीलमाश्यांची. उंच फांदीखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली मोठी उघडी फणी लोंबते आणि तिच्यावर माश्यांचा काळा पडदा असतो, ते आग्या मोहोळ. त्या मधमाश्या. आणि बाहेरून पूर्ण बंद, करड्या-तपकिरी कागदाचे, अंगावर लाटांसारख्या रेघा असलेले, एकच छोटे दार ठेवलेले मडके दिसले, की ते मोठ्या गांधीलमाशीचे घर. आपल्याकडे झाडावर घर करणारी जी नेहमी दिसते ती काळी, पोटावर पिवळा-नारिंगी रुंद पट्टा असलेली. आपले गुजराती शेजारी तिला भमरी म्हणतात. तो कागद तिने स्वतः केलेला असतो, लाकडाचे आणि सालीचे तंतू चावून, लाळेत कालवून. आत मध नसतो. ती अळ्या, माश्या, कधी मधमाश्या मारून आणते आणि आपल्या पिल्लांना भरवते.

मोबाइलवर अधूनमधून परदेशातला व्हिडिओ फिरतो आणि बायका घाबरून जातात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २०१९ साली आशियातली राक्षसी गांधीलमाशी सापडली होती. तिथल्या सरकारने पोळी शोधून शोधून काढली आणि २०२४ च्या डिसेंबरात ती तिथून संपल्याचे जाहीर केले. ती तिथे परकी होती. शिवाय ती जात हिमालयाच्या आणि ईशान्येच्या बाजूला असते, आपल्या किनारपट्टीवर नाही. आपल्या चिंचेवर बसलेली माशी कुठून आलेली नाही. ती इथलीच आहे, वाडी लागली त्याच्या आधीपासूनची.

म्हणून ती निरुपद्रवी आहे असे मात्र कोणी समजू नये. मधमाशी माणसाला डसली की तिची नांगी अडकते आणि ती मरते. गांधीलमाशीची नांगी अडकत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. एक चिरडली तर तिच्या वासाने बाकीच्या चवताळतात. चीनच्या शांक्सी प्रांतात २०१३ साली गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत ४० हून अधिक माणसे दगावली आणि १,६०० हून अधिक जखमी झाली. त्यांत शेतात-रानात काम करणारे पुष्कळ होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत येणार आहे.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. जीवविचार प्रकरण ज्यांनी पाठशाळेत केले आहे त्यांना आठवेल, की चौरिंद्रिय जीवांच्या यादीत विंचू, भुंगा, टोळ, माशी, डास ह्यांच्याबरोबर भमरीही आहे. तिला स्पर्श आहे, चव आहे, वास आहे, डोळे आहेत. प्रतिक्रमणात सात लाख सूत्र म्हणताना आपण दोन लाख चौरिंद्रियांचा उच्चार करतो, तो ह्यांचाच. आणि त्याच सूत्राच्या शेवटी आपण काय म्हणतो? जो जीव मी मारला, मारवला किंवा मारणाऱ्याला बरे म्हटले, त्या सगळ्याची क्षमा. तीन गोष्टी वेगवेगळ्या उच्चारलेल्या आहेत. "गड्याला सांगा" ही त्यातली दुसरी आहे.

कोणी म्हणेल, आपण संसारी माणसे, साधू थोडेच आहोत? बरोबर आहे. आपल्या आचार्यांनी संसाराचा हिशेब फार व्यवहारी बुद्धीने मांडला आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, मला तो हिशेब लहानपणापासून आवडतो. साधू-साध्वींची दया वीस वसे, आणि श्रावक-श्राविकांची सव्वा वसा. हा व्रताचा वसा नव्हे. हा वसा म्हणजे विसावा हिस्सा. वीस वशांतून सुरुवात करा. स्थावर जीवांची, म्हणजे माती, पाणी, अग्नी, वारा, वनस्पती ह्यांची हिंसा संसारात टळत नाही, म्हणून निम्मे गेले, दहा उरले. त्रस जीवांमध्ये स्वयंपाक, झाडलोट, शेती अशा आरंभात नकळत होणारी हिंसा टळत नाही, पाच उरले. जाणूनबुजून करायच्या हिंसेत अपराध्याविरुद्ध स्वतःचे रक्षण करावे लागते, अडीच उरले. निरपराध्यातही कधी काही कारणाने त्रास द्यावा लागतो, सव्वा उरला. म्हणजे निरपराध त्रस जीवाला जाणूनबुजून, विनाकारण मारायचे नाही. आपल्याकडून धर्म एवढेच मागतो.

विसातला सव्वा! इतकी सूट कोणता सावकार देईल? तेवढाही आपल्याला भरता येऊ नये का? परसाच्या टोकाला, तीस फुटांवर, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेले पोळे केवळ बघून भीती वाटते म्हणून जाळणे, हे त्या सव्वा वशातच बसणारे आहे. झाडावर घर करणे हा अपराध नाही. ती येऊन आपल्या अंगावर पडलेली नाही.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. श्राविकेचे पहिले अणुव्रत दोन करण आणि तीन योगांनी घेतले जाते. करणार नाही आणि करवणार नाही, मनाने, वाचेने, कायेने. साधूंना तिसरे करणही असते, अनुमोदनाचे. आपल्याला तेवढे कडक नाही, पण करवण्याचे तर आहेच. खर्च दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला म्हणून देणे फिटत नाही, हे वहीखाते शिकलेल्या कोणालाही कळते.

ह्याच कारणाने एक विनंती करते. विहारात आलेल्या महाराजसाहेबांना किंवा साध्वीजींना "पोळे काढू का?" असे विचारू नका. त्या "काढ" म्हणूच शकत नाहीत, कारण त्यांना अनुमोदनही नाही. त्या गप्प राहतात आणि आपण घरी येऊन म्हणतो, महाराजसाहेबांनी नाही म्हटले नाही. निर्णय संसाऱ्याचा आहे, तो संसाऱ्यानेच घ्यावा आणि आपल्या नावावर घ्यावा.

आता माणसाविषयी. आपल्या भागात चिकू जवळजवळ वर्षभर उतरतो. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण वर्षभर त्या झाडांमध्ये फिरतो कोण, फांद्यांवर चढतो कोण? बहुतेक वारली, आदिवासी मजूर. पोळे फांदीत असेल तर त्याचा पहिला डंख त्यालाच बसतो, आणि काढायला सांगितले तरी त्यालाच. अंगात बनियन, हातात रॉकेलचा पलिता, रात्रीची वेळ, ओली फांदी. डंख तर आहेच, झाडावरून पडण्याचे भयही आहे. शांक्सीतली माणसे आठवा. जगात कुठेही गांधीलमाशी मालकाला आधी डसत नाही.

आपण ज्या मातीत राहतो तिथे तर ह्या गोष्टीचा विचार जास्तच करायला हवा. वारल्यांना जमीनदार-सावकारांकडे वेठीने राबावे लागे. १९४५ साली आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी ते हजारोंनी जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात त्या लढ्याची हकीकत आहे. वेठ गेली. पण "तू जरा ते पोळे बघ रे" असे सांगितल्यावर नाही म्हणणे आजही रोजंदारीच्या माणसाला सोपे नसते. आपल्या जीवाची भीती त्याच्या जीवावर, आणि आपले पाप त्याच्या माथी! ह्याला मी दया म्हणायला तयार नाही.

आणि ह्याच कारणाने, काही न करता "असू दे, जीव आहे बिचारा" म्हणून सोडून देणे हीसुद्धा दया नाही. आपला शब्द जयणा आहे. पाणी गाळतो, धान्य निवडतो, पुंजणीने मुंगी अलगद बाजूला सारतो, ती जयणा. जयणेत जीव वाचवणे आहे, तसे आधी बघणेही आहे. झाडावर पोळे आहे हे ठाऊक असून चिकू उतरवणाऱ्याला न सांगणे हा प्रमाद आहे, आणि प्रमाद हेच तर आपल्याकडे हिंसेचे मूळ मानले आहे.

दोन पोळ्यांची हकीकत सांगते म्हणजे माझे म्हणणे कळेल.

आमच्या वाडीत विहिरीमागच्या आंब्यावर दुमजली घराच्या उंचीवर पोळे होते. दिरांचे म्हणणे जाळू या, सासूबाईंचे म्हणणे राहू द्या. आम्ही दोन दिवस नुसते पाहिले की त्यांची जाण्यायेण्याची वाट कुठून आहे. ती ओढ्याच्या बाजूने होती. मग झाडापासून वीस पावलांवर दोरी बांधली, तिला लाल फडकी लावली. कपड्यांची दोरी घराच्या दुसऱ्या अंगाला हलवली. त्या बाजूच्या चार चिकूंची तोड बंद ठेवली आणि गड्यांना त्याची मजुरी कापली जाणार नाही हे सांगितले. पडलेले पिकले चिकू रोज उचलले, कारण गोड वासाला त्या येतात. पौषात पोळ्यावर हालचाल उरली नाही. पुढे वाऱ्याने ते खाली आले. ही वसाहत कायमची नसते, आणि रिकाम्या झालेल्या घरात त्या सहसा पुन्हा नांदत नाहीत. चार चिकूंचे काही महिन्यांचे उत्पन्न गेले. आम्ही ते जीवदयेच्या खर्चात मांडले.

दुसरे पोळे माझ्या नणंदेकडे तलासरीला, फाटकाशेजारच्या लिंबावर, माणसाच्या छातीच्या उंचीला. तिथेच सकाळी आठ-दहा मुले शाळेच्या रिक्षासाठी उभी राहतात. आठवड्यात दोन मुलांना डंख बसले. फाटक हलवता येत नाही, रस्ता हलवता येत नाही. तिने पोळे काढायचे ठरवले आणि मी तिच्या बाजूची होते. एका कंपनीचा माणूस भरदुपारी, नुसते तोंडाला फडके बांधून, फवारा घेऊन आला, मुले सुटायच्या वेळेला. त्याला तिने चहा देऊन परत पाठवले. मग वापीहून ह्या कामाची सवय असलेला एक जण मिळाला. अंगभर जाड पोशाख, जाळीचा टोप, हातमोजे घालून तो रात्री आला. शेजारची घरे बंद ठेवायला आधीच सांगून ठेवले होते. त्याने मागितले त्याहून जास्त पैसे तिने दिले. त्या रात्री पुष्कळ जीव गेले. दुसऱ्या दिवशी नणंदेने आयंबिल केले आणि प्रतिक्रमणात ते पोळे नाव घेऊन आठवले. "त्याने काढलं" असे ती म्हणाली नाही, "मी काढवलं" असे म्हणाली.

दोन्ही घरांनी वेगळे केले, आणि माझ्या मते दोन्ही घरांनी आपला सव्वा वसा सांभाळला.

मग आपल्या परसात पोळे दिसले तर विचारायचे प्रश्न थोडे आहेत. त्याच्या खालून माणसांची रोजची वाट आहे का? घरात लहान मूल, अंथरुणावरचे माणूस किंवा डंखाने पूर्वी अंग सुजून श्वास लागलेला कोणी आहे का? वाट, दोरी, बाक, काम हलवता येईल का? हलवता येत असेल तर हलवा आणि हिवाळा जाऊ द्या. दगड मारू नका, फांदी हलवू नका, खाली शेकोटी पेटवू नका. रात्री त्याच्यावर बॅटरीचा झोत टाकू नका. घरात येणाऱ्या प्रत्येकाला, दूधवाल्यापासून मीटर बघणाऱ्यापर्यंत, सांगा. पोळे रिकामे झाल्यावर, पाऊस लागायच्या आत, दाराजवळच्या फांद्या विरळ करा आणि वळचणीची भोके बुजवा, म्हणजे पुढच्या वर्षी हा प्रश्न दाराशी येणार नाही.

काढण्याशिवाय गत्यंतर नसेल तर जाणता माणूस शोधा. घरच्या गड्याला चढवू नका, तो हौसेने हो म्हणाला तरी. मधपाळाचा साधा पातळ पोशाख गांधीलमाशीला पुरतोच असे नाही, हेही विचारून घ्या. चिकूच्या झाडावर विष मारले तर त्या फळांचे काय, हे आधी ठरवा.

डंख बसलाच तर हात न झटकता, तोंड झाकून, तिथून लांब जा आणि घरात शिरा. जागा साबणाने धुवा, थंड पाण्याची घडी ठेवा. अंगठी-बांगडी लगेच काढा, सूज आली की निघत नाही. चुना लावा, लोखंड घासा, कांदा चोळा, असे नाना उपाय सांगतात. कांदा आपल्या घरात सापडायचा नाही, आणि बाकीच्या उपायांत वेळ घालवण्यासारखी ती वेळ नसते. ओठ-जीभ सुजली, सर्वांगावर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली, तर त्याच मिनिटाला १०८ ला फोन करा किंवा डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. तिथे अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच खरा उपाय असतो. आणि बरेच डंख बसले असतील तर माणूस ठीक दिसला तरी दवाखान्यात न्या. विषाने मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, लघवी गडद किंवा लालसर झाली तर तासभरही थांबू नका. हे सगळे गड्याच्या बाबतीतही तसेच, आपल्या मुलाच्या बाबतीत करू तितक्याच घाईने.

शेवटी महिला मंडळाच्या बहिणींना एक सुचवते. डहाणूत जखमी समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे. घरात साप निघाला तर त्याला सोडवणारी मुले धावून येतात. गांधीलमाशीसाठी मात्र रॉकेल सोडून कोणाकडे काही नसते. आपण पांजरापोळाला देतो, पक्ष्यांना दाणे घालतो. त्याच जीवदया खात्यातून अंगभर घालायचे दोन चांगले पोशाख, दोऱ्या आणि लाल फडकी घेऊन मंडळात ठेवता येतील. ग्रामपंचायतीकडे, नगरपरिषदेकडे आपणच जाऊन, ह्या कामाचे रीतसर शिक्षण दोन जणांना द्या आणि त्यांना रीतसर मेहनताना द्या, असे म्हणता येईल. त्यात माश्याही वाचतील, कारण जाणता माणूस दहातल्या निम्म्या पोळ्यांना तरी "हे राहू द्या" असेच सांगेल.

मधाचा त्याग आपण पिढ्यान्पिढ्या केला, कारण त्यासाठी मोहोळ उजाडते. इतका बारीक विचार करणारी आपली घरे आहेत. पोळ्याखाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो विचार पोचायला अवघड नाही. ह्या ओळीच्या नऊ दिवसांत आपापल्या परसात एक फेरी मारा, वर बघा. काही दिसले तर घरात बसून ठरवा, आणि जे ठरेल ते स्वतःच्या नावावर लिहा.

जय जिनेंद्र.